फिजिक्स ऑलिंपियाड आणि पडवीतलं कुलूप

अकरावीला डिचोलीहून फोंड्याला कदंबाने जायचो, बसमध्ये एका सिनियर दादाच्या तोंडून पहिल्यांदा फिजिक्स ऑलिंपियाड, म्हणजे शाळकरी मुलांची फिजिक्सची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, हा शब्द ऐकला. आमच्या हायर सेकंडरीत कोणालाच नीट माहिती नव्हती, म्हणून पहिलं सांगतो ते हेच, की चौकशी ऑगस्टमध्येच सुरू करा. आपली शाळा परीक्षेचं सेंटर नसली तरी जवळच्या दुसऱ्या सेंटरवर बसता येतं, पण फॉर्मची तारीख गेली की वर्ष गेलं.

पहिली पायरी एनएसईपी, म्हणजे देशभर होणारी फिजिक्सची पहिली चाळणी परीक्षा, ती आयएपीटी म्हणजे फिजिक्स शिकवणाऱ्यांची संघटना घेते, नोव्हेंबरच्या शेवटाकडे, दोन तास, सगळे ऑप्शनवाले प्रश्न. त्यातून निवडलेल्यांना आयएनपीएचओ, म्हणजे इंडियन नॅशनल फिजिक्स ऑलिंपियाड, सगळे इन्फोच म्हणतात, मग मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरमध्ये कॅम्प आणि शेवटी पाच जणांची टीम. इंटरनॅशनल ऑलिंपियाड 1967 ला वॉर्साला सुरू झालं, आपण 1998 पासून जातोय, आणि 2015 ला तर ते मुंबईतच झालं होतं.

मी दोनदा बसलो. पहिल्या वर्षी एन्ट्रन्सच्या क्लासची सवय होती, प्रश्न बघितला की फॉर्म्युला शोधायचा, नाही सापडला की पुढे. एनएसईपीत तेवढ्यावर थोडंफार निभावतं. पण इन्फोत एकच प्रश्न पायरीपायरीने वाढत जातो आणि प्रत्येक पायरी का ते लिहावं लागतं. जुने पेपर सोल्युशनसकट होमी भाभाच्या साइटवर फुकट आहेत, एक प्रश्न घ्या आणि दोन दिवस सोल्युशन उघडू नका, खरंच, माझं फिजिक्स सुधारलं ते त्या अडकून बसण्यातच.

आणि प्रॅक्टिकल! इंटरनॅशनलला थिअरीचे 30 मार्क, प्रयोगाचे 20, दोन्ही पेपर पाच-पाच तासांचे, आणि आपण मात्र जर्नल उतरवून मोकळे होतो. आमच्या सरांनी मला घरी लंबक करायला लावला. पडवीच्या वाशाला दोरी आणि खाली जुनं पितळी कुलूप. लंबकाची लांबी खरं तर गुरुत्वमध्यापर्यंत धरायची, पण आता कुलपाचा गुरुत्वमध्य कुठे ते कसं कळणार, म्हणून लांबी गाठीपर्यंतच मोजली, 50 सेंमीपासून 120 पर्यंत, प्रत्येक वेळी 20 झोक्यांचा टाइम. वीसच का, तर स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंदाची चूक होतेच, ती 20 ने भागली की एका झोक्याला 0.01 उरते.

टी स्क्वेअर, म्हणजे एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, आणि लांबीचा ग्राफ काढला तर रेघ सरळ आली पण शून्यातून जाईना. मला वाटलं प्रयोग फसला. सर म्हणाले, अरे उतार बघ. लांबीत प्रत्येक वेळी सारखीच चूक असेल तर रेघ फक्त सरकते, उतार तोच राहतो, आणि जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, उतारावरूनच येतो. माझा 9.6 आला. आणि रेघ जिथे लांबीच्या अक्षाला कापत होती, त्यावरून गाठीपासून गुरुत्वमध्य किती खाली तेही कळलं, म्हणजे जे मोजता आलं नव्हतं ते ग्राफने सांगितलं. त्या संध्याकाळी मला झोप नाही लागली.

दुसऱ्या वर्षी इन्फोपर्यंत पोचलो, कॅम्पला निवड नाही झाली, वाईट वाटलंच. पण कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी मोजमापात किती चूक असेल याचा हिशेब मांडता येत होता.

तुम्ही लंबक करणार असाल तर काथ्याची दोरी नको, ती ताणते. झोका लहान ठेवा, पाच अंशांच्या आसपास, आणि पावसाळ्यात पडवीत वारा फार असतो तेव्हा आतल्या खोलीत पंखा बंद करून करा.