रांगेतल्या घरांचा जुना फोटो कसा वाचायचा

फोटो आधी उलटा करा. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या लीड्स किंवा ब्रॅडफर्डच्या एखाद्या टेरेसचा जुना फोटो हाती आला की नजर टोपीवाल्या पोरांवर खिळते, पण वर्षाचा माग बऱ्याचदा मागच्या बाजूला असतो. (टेरेस म्हणजे इथे गच्ची नव्हे, भिंतीला भिंत लावून बांधलेली घरांची रांग.) असे कितीतरी फोटो पोस्टकार्ड म्हणून विकले गेले. कार्डाच्या मागे मजकूर आणि पत्ता शेजारी शेजारी लिहायची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली मिळाली, म्हणजे मधोमध रेघ असलेलं कार्ड त्याआधीचं नाही. तिकीट अर्ध्या पेनीचं असेल तर ते बहुधा ३ जून १९१८च्या आधी टपालात पडलं. त्या दिवसापासून दर एक पेनी झाला. मात्र शिक्का टपालाची तारीख सांगतो, फोटोची नाही. दुकानात कार्डं वर्षानुवर्षं पडून असत.

आता पुढची बाजू दहापट भिंगाखाली धरा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई आहे. फार बारीक स्कॅन करून ठिपकेच मोठे होतील. छटा सलग असतील तर तो खरा फोटो. तो १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० पिक्सेल) स्कॅन करून टिफ फाइलमध्ये ठेवा. साडेपाच इंचांच्या कार्डाचे ६६०० पिक्सेल मिळतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी वाचता येण्याची शक्यता तयार होते.

ती पाटी मिळाली तर अर्धं काम झालं. केलीसारख्या डिरेक्टऱ्यांत रस्त्यागणिक घरक्रमांक, राहणाऱ्याचं नाव आणि धंदा छापलेला असे. लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अशा बऱ्याच डिरेक्टऱ्या फुकट पाहता येतात. दुकानदाराचं नाव कोणत्या वर्षी आलं, कधी गेलं ते बघा. माहिती छपाईच्या आधी गोळा केलेली असते, म्हणून दोन्ही टोकांना एखाद्या वर्षाची सूट ठेवा.

पाटी नसेल तर फोटोतली सगळ्यात नवी वस्तू शोधा. जुनी वस्तू काहीच सिद्ध करत नाही. मोटारीला नंबरप्लेट असेल तर काळ १९०४ किंवा नंतरचा. छपरावर रोमन एच अक्षरासारखा अँटेना दिसला तर टीव्ही आलाय. यॉर्कशरमध्ये तो मुख्यतः होम मॉसचं केंद्र ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाल्यावर पसरला. बुटक्या भिंतीवर लोखंडी गजांची नुसती खुंटं उरली असतील तर दुसऱ्या महायुद्धासाठी भंगार गोळा झाल्यानंतरचा काळ धरा. कपड्यांवर मात्र विसंबू नका: आजीबाईंचा कोट वीस वर्षांचा असू शकतो.

रंगांबाबतही सावध राहा. जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचपट्ट्यांना (काचेच्या निगेटिव्हना) लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल टपालपेटी काळी उतरते आणि निळं आकाश पांढरं. रंग भरून देणारी ॲप्स इथे बिनधास्त थापा मारतात.

रोजचं जगणं फोटोच्या मध्यभागी सापडत नाही. तिथे जमलेली पोरं कॅमेरा बघायला आलेली असतात. कडांकडे बघा. पाठीला पाठ लावलेल्या घरांना परसदार नसे, म्हणून दोऱ्या रस्त्यावरून समोरच्या घरापर्यंत जात. त्या कपड्यांनी भरल्या असतील तर बहुधा सोमवार, धुण्याचा दिवस. पायरीची कड फिकट उठून दिसत असेल तर ती दगडाने घासलेली आहे. धुरकट, पाय नसलेली आकृती म्हणजे भूत नव्हे; शटर उघडं असताना चालत गेलेला माणूस.

सावलीच्या दिशेवरून वेळ आणि लांबीवरून ऋतू काढता येतो. लीड्समध्ये ऐन उन्हाळ्यात भर दुपारी सावली उंचीच्या ०.६ पट पडते, ऐन हिवाळ्यात चारपटींहून लांब. उत्तर दिशा नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या) मैलाला २५ इंच प्रमाणाच्या नकाशावरून घ्या. घात होतो तो उताराने: चढावर पडलेली सावली आखूड दिसते, उतारावरची लांब, आणि लीड्समध्ये चढउतार भरपूर. सावली सपाट जागी किंवा ती उताराला आडवी जाते तिथे मोजा.

वर्ष पक्कं झालं की १९०१, १९११ किंवा १९२१च्या जनगणनेत त्या दारामागची माणसं शोधा. इंग्लंड-वेल्सची १९३१ची जनगणना १९४२ मध्ये जळाली. त्या काळासाठी १९३९ची, युद्धाच्या सुरुवातीला केलेली रहिवाशांची सरकारी नोंदवही वापरा. दाराचा क्रमांक दिसत नसेल तर कोपऱ्यापासून दारं मोजा. सहसा एका बाजूला सम क्रमांक, दुसऱ्या बाजूला विषम. पाठीला पाठ लावलेल्या रांगेत मागचं घर दुसऱ्याच रस्त्याच्या नावावर असतं, ते या मोजणीत धरू नका.