टेस्ट चालवल्या की कामाचाच डेटाबेस रिकामा: लाराव्हेलमधला माझा अनुभव

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी लाराव्हेल (पीएचपी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) वापरून हिशोबाचं अ‍ॅप करतोय. टेस्ट चालवल्या की माझ्या मशीनवरच्या नेहमीच्या डेटाबेसमधल्या पावत्या, घडांची वजनं सगळं साफ व्हायचं. दोन संध्याकाळी यात गेल्या, फार जीव मेटाकुटीला आला.

पीएचपीयुनिट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या एक्सएमएल फाइलमध्ये 'डीबी डेटाबेस' या सेटिंगला टेस्टसाठी 'केळी_टेस्ट' हे वेगळं नाव दिलं होतं. मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर रीस्टार्ट केला. फरक शून्य.

खरं कारण: मी पूर्वी कधीतरी 'कॉन्फिग कॅश' कमांड चालवली होती. ती 'बूटस्ट्रॅप/कॅश'मध्ये सेटिंगची जुनी मूल्यं गोठवून ठेवते. मग वेगळं नाव कुठेही लिहा, लाराव्हेल ते बघतच नाही.

आधी मायएसक्यूएलमध्ये 'केळी_टेस्ट' हा रिकामा डेटाबेस बनवून अ‍ॅपच्या युजरला त्यावर हक्क दिले. मग आर्टिसन या लाराव्हेलच्या कमांड-साधनाची, ही कॅश पुसणारी 'कॉन्फिग क्लिअर' चालवली आणि त्या फोल्डरमधली कॉन्फिगची फाइल खरंच गेली का ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर 'रिफ्रेश डेटाबेस' (टेस्टसाठी डेटाबेस कोरा करणारी लाराव्हेलची सोय) न लावलेली एकच छोटी टेस्ट लिहून चालू डेटाबेसचं नाव छापलं. 'केळी_टेस्ट' दिसल्यावरच बाकीच्या टेस्ट सोडल्या. ही तपासणी गाळू नका, कारण 'रिफ्रेश डेटाबेस' चुकीच्या डेटाबेसवर चालला की टेबलंच पाडून नव्याने बांधतो.

आता कॉन्फिग कॅश फक्त सर्व्हरवर करतो.