‘द ग्रेट गॅट्सबी’वर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीवर टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांचे पेपर तपासताना एक वाक्य हमखास सापडतं, ‘हिरवा दिवा हे आशेचं प्रतीक आहे.’ पूर्णविराम, पुढचा प्रश्न. चूक नाहीये हो, पण एवढ्यावर मार्क देणार तरी किती? प्रतीकाला एकच अर्थ चिकटवून टाकणं, ही पहिली चूक. अडलात तर एवढंच बघा की ती वस्तू कुठल्या प्रकरणात येते आणि तेव्हा बाजूला कोण उभं असतं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी रात्री एकटाच पाण्याकडे हात पसरून उभा असतो, पलीकडे डेझीच्या, म्हणजे त्याच्या जुन्या प्रेयसीच्या, घराच्या धक्क्यावर तो दिवा. पाचव्या प्रकरणात तीच डेझी त्याच्या घरात येते, बाहेर धुकं आहे, तो तिला सांगतो की तुझ्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर हिरवा दिवा जळत असतो, ती त्याच्या हातात हात घालते आणि हा मात्र स्वतःच्याच बोलण्यात हरवलेला. गोष्ट सांगणाऱ्या निकच्या लक्षात येतं की आता तो नुसता दिवा उरला, जादू गेली. माणूस शेजारी आल्यावर दिव्याची किंमत उतरते म्हणजे गॅट्सबीचं प्रेम नेमकं कशावर होतं? यावर चार ओळी लिहा, तुमचं उत्तर बाकीच्या गठ्ठ्यातून वेगळं निघेल.

दुसरी चूक म्हणजे ‘गरीब विरुद्ध श्रीमंत’. अहो, गॅट्सबीकडे पैसा रग्गड आहे! भांडण आहे ते खानदानी पैसा आणि नवा पैसा यांच्यात, म्हणून तर खानदानी पैशाचं ईस्ट एग आणि नव्या पैशाचं वेस्ट एग असे दोन भाग, मध्ये खाडी. माझ्या मते वर्गभेदाचा सगळ्यात जबरदस्त प्रसंग सहाव्या प्रकरणात आहे आणि तो कुणी लिहीतच नाही. डेझीचा नवरा टॉम, स्लोन नावाचा एकजण आणि एक बाई घोड्यांवरून गॅट्सबीकडे येतात. बाई जरा प्यायलेल्या, म्हणतात, चला ना आमच्याकडे जेवायला. आमंत्रण तोंडदेखलं आहे हे निकला कळतं, तो नको म्हणतो, गॅट्सबीला मात्र कळत नाही. घोडा नाहीये, गाडीने मागून येतो म्हणत तो आत जातो, आणि टोपी-कोट घेऊन बाहेर येईस्तोवर मंडळी पसार. बास. वर्ग म्हणजे बँक बॅलन्स नाही, कुठलं ‘या’ खरं आणि कुठलं खोटं हे जन्मापासून माहीत असणं. पुढे टॉम गॅट्सबीच्या गुलाबी सूटवरून ‘हा कसला ऑक्सफर्डला शिकलेला’ असं काढतो, तेही याच हिशेबात.

‘गॅट्सबीचं प्रेम खरं आणि डेझी पैशाची लालची’ असं लिहू नका. गॅट्सबी स्वतःच म्हणतो ना, तिच्या आवाजात पैसा भरलाय! त्याला जी डेझी आवडली तीच मुळात मोठ्या घरातली, अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातली. आणि टॉमने लग्नाच्या आदल्या दिवशी तिला साडेतीन लाख डॉलर्सची मोत्यांची माळ दिली म्हणून ती सुखात होती असंही नाही, त्या संध्याकाळी ती एक पत्र हातात घट्ट धरून दारू पिऊन रडत होती. प्रेम एका खणात आणि पैसा दुसऱ्या खणात असं या कादंबरीत करताच येत नाही.

एकलबर्गचे डोळे म्हणजे देव, असंही सरसकट नको. राखेच्या माळावरची ती डोळ्यांच्या डॉक्टरची जुनी जाहिरात आहे. बायको गेल्यावर भ्रमिष्ट झालेला तिथला गॅरेजवाला विल्सन तिच्याकडे बघून देव सगळं बघतो म्हणतो, आणि शेजारचा मायकेलिस लगेच सांगतो, अरे ती जाहिरात आहे. उत्तरात दोघंही हवेत.

निक सांगतो ते सगळं डोळे झाकून खरं मानू नका. स्वतःला प्रामाणिक म्हणवणारा हा गृहस्थ लग्न झालेल्या डेझीची, म्हणजे स्वतःच्याच दूरच्या नात्यातल्या बहिणीची, गॅट्सबीशी भेट स्वतःच्या घरी घडवून आणतो.

आणि प्लीज, सिनेमा बघून उत्तर लिहू नका. २०१३च्या सिनेमात आपला अमिताभ गॅट्सबीच्या धंद्यातला साथीदार वुल्फशाइम झालाय म्हणून तो बघा, जरूर बघा, पण त्यात निक सॅनिटोरियममध्ये बसून गोष्ट लिहितो ते १९२५च्या पुस्तकात कुठेच नाहीये. मागच्या वेळी एका गठ्ठ्यात सहा जणांनी ते लिहिलं होतं, सहाही जणांचे मार्क कापले.