डेटला जाताना केसांच्या बाबतीत या चुका टाळा

फोंड्याहून स्कूटरने पणजीला यायचं म्हणजे तीसेक किलोमीटर हेल्मेट डोक्यावर. पहिल्या भेटीला मी डोक्यावर उंच अंबाडा घालून निघाले आणि हेल्मेट काही बसेना. घाईत अंबाडा सोडला, केस आत कोंबले. मिरामारच्या किनाऱ्यावर हेल्मेट काढलं तर वरचे केस चपटे, मानेवरचे घामाने चिकटलेले आणि टोकांचा नुसता गुंता. त्या दिवसापासून केस कसे बांधायचे हे मी रस्ता बघून ठरवते.

स्कूटरवरून जाणार असाल तर मानेजवळची सैल वेणी उत्तम. ती हेल्मेटखालून पाठीवर सुटी राहते, शिवाय पोचल्यावर सोडली की केसांना आपसूक छान वळण आलेलं असतं. हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल बांधा, घाम तो टिपतो. तरी वरचे केस बसलेच तर घाबरू नका. मान खाली घालून बोटांनी मुळाशी केस मोकळे करा आणि भांग नेहमीच्या उलट बाजूला पाडा. एका मिनिटात केस उठतात.

दुसरी चूक पावसाळ्यातल्या स्ट्रेटनिंगची. इस्त्रीच्या उष्णतेने केसांतल्या प्रथिनांमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि थंड होताना नव्या आकारात जुळतात. हवेतला ओलावा तेच बंध पुन्हा सोडवतो. जुलैत पणजीच्या हवेत तासभर खपून सरळ केलेले केस पोचेपर्यंत फुलणारच. त्यातून केस ओलसर असताना इस्त्री फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून पोकळ होतो आणि तुटतो. हे मात्र कधीच करू नका. कुरळे केस कुरळेच राहू द्या. धुताना कंडिशनर लावलेलं असतानाच रुंद दातांच्या फणीने विंचरा, सुकल्यावर फणी लावू नका. फुललेच तर दोन थेंब सेरम तळव्यांवर चोळून कानाखालच्या केसांना लावा. मुळांना लावलंत तर केस तेलकट दिसतील.

केस त्याच दिवशी धुणं हीही चूकच. ताजे धुतलेले केस निसरडे असतात, पिना टिकत नाहीत. आदल्या दिवशी धुवा. पिन लावताना नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा. बहुतेक जणी उलट लावतात आणि मग पिन घसरते म्हणतात. दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर अडकवल्या की क्लचरचीही गरज नाही.

मुलांनो, हेल्मेटखाली जेल थापू नका, सुकून त्याचे पांढरे कण खांद्यावर पडतात.

संध्याकाळी किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो. केस मोकळे असतील तर समुद्राकडे तोंड करून बसा, वारा ते मागे सारतो. पाठ केलीत तर प्रत्येक वाक्याला तोंडातून बट काढावी लागेल.

आणि अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, माळायचा असेल तर घरून माळून निघू नका, हेल्मेटखाली तो चुरगळतो. पणजीच्या बाजारात फुलवाल्या मावशींकडून घ्या, हेल्मेट काढा, वेणीच्या मुळाशी एका पिनेने अडकवा. मावशी आरसा देत नाहीत, पण वाकडा लागला तर हात पुढे करून स्वतः सरळ करतात.