शिक्षकांनी अभ्यासक्रम आणि अध्यापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण कसे घ्यावे : मराठवाड्यातील शिक्षकांसाठी

‘अभ्यासक्रम आणि अध्यापन’ या नावाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मिळते. आपल्याकडे मात्र हा विषय सहसा एम.एड. किंवा एम.ए. (शिक्षणशास्त्र) या पदव्यांच्या पोटातच शिकावा लागतो. म्हणून पहिला निर्णय या दोहोंपैकी एकीची निवड करण्याचा असतो, आणि तो शेजारच्या शाळेतील सरांनी काय केले हे पाहून न घेता, पदवीनंतर आपल्याला नेमके कोणते काम करायचे आहे यावरून घ्यावा.

बी.एड. महाविद्यालयात शिकवण्याचा विचार असेल, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४ चे विनियम आधी वाचावेत. त्यांनुसार अध्यापनशास्त्र आणि अभ्यासक्रम या विषयांच्या प्राध्यापकाकडे शालेय विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अशा दोन्ही पदव्या असाव्या लागतात, आणि दोन्हींत किमान ५५ टक्के गुण लागतात. एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि बी.एड. एवढ्या बळावर शिक्षणाच्या तात्त्विक व सामाजिक पायाचे विषय शिकवता येतात, अध्यापनशास्त्राचे नाही. हा फरक प्रवेश घेताना कोणी समजावून सांगत नाही आणि मुलाखतीच्या दिवशी तो महाग पडतो. याउलट ज्यांना आपल्याच शाळेत राहून आपले शिकवणे सुधारायचे आहे, केंद्रातील (म्हणजे परिसरातील शाळांच्या गटातील) सहकाऱ्यांसाठी साहित्य तयार करायचे आहे किंवा पाठ्यपुस्तकाच्या कामात कधी हातभार लावायचा आहे, त्यांना एम.ए. पुरेशी ठरते.

एम.एड. ही नियमित, पूर्णवेळ पदवी आहे. याच विनियमांत दोन शैक्षणिक वर्षांचा कालावधी, वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासिका व प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के उपस्थिती सांगितलेली आहे. याचा सरळ अर्थ असा की शाळेच्या हजेरीपटावर रोज सही करणाऱ्या शिक्षकाला रजा घेतल्याशिवाय ही पदवी प्रामाणिकपणे पूर्ण करता येत नाही. “तुम्ही फक्त परीक्षेला या, बाकीचे आम्ही बघतो” असे मला एका महाविद्यालयाच्या कार्यालयात तोंडावर सांगण्यात आले होते. मी तेथून उठून आलो, आणि तुम्हीही यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाच तारखेला दोन ठिकाणच्या हजेरीपटांवर सही असेल, तर पुढे कधीही होणाऱ्या पडताळणीत पदवी आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतात. शिवाय ज्या शिक्षणासाठी आपण पैसे आणि वर्षे मोजतो, ते शिक्षण तर मिळतच नाही.

नियमित प्रवेश घ्यायचा असेल, तर बी.एड.ला किमान ५० टक्के गुण (राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत) आणि राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची एम.एड.ची प्रवेश परीक्षा हे दोन टप्पे आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. महाविद्यालय निवडताना त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता चालू आहे ना, हे तिच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावे. फलकावरील शब्दांवर विसंबू नये. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठाची वाट अधिक सरळ आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची एम.ए. (शिक्षणशास्त्र) कोणत्याही पदवीधराला करता येते, मात्र तिचे साहित्य इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीतून शिकू इच्छिणाऱ्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची त्या वर्षीची माहितीपुस्तिकाही पाहावी.

कोणतीही वाट धरली, तरी अर्जापूर्वी नियुक्ती प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा, आवक क्रमांकाची पोच जपून ठेवावी आणि पदवी झाल्यावर सेवापुस्तिकेत नोंद करून घ्यावी. खासगी अनुदानित शाळेत ही परवानगी संस्थेकडून घ्यावी लागते.

आता मुख्य विषयाकडे येतो. बी.एड.मध्ये आपण आशययुक्त अध्यापन, पाठ टाचण आणि संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा) शिकलो. म्हणजे ठरवून दिलेले कसे शिकवावे हे शिकलो. पदव्युत्तर पातळीवर ‘हेच का शिकवायचे आणि हे कोणी ठरवले’ असा प्रश्न विचारायचा असतो. त्यासाठी अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक या तीन शब्दांतील अंतर आधी पक्के करावे. पाठ्यपुस्तक हे साधन आहे. पाठ्यक्रम ही विषयवार घटकांची मांडणी आहे. अभ्यासक्रमात मात्र उद्दिष्टे, अनुभव, शाळेचे वातावरण, मूल्यमापन आणि मुलाला न सांगताही जे शिकवले जाते ते सारे येते. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये मांडलेले चार प्रश्न आजही या विषयाचे दार उघडतात: कोणती उद्दिष्टे गाठायची, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने गुंफायचे आणि उद्दिष्टे गाठली की नाही हे कसे ओळखायचे. हे प्रश्न पाठ करून उपयोग नाही. बालभारतीच्या आपण शिकवत असलेल्या पुस्तकातला एक पाठ घ्यावा, त्याची अध्ययन निष्पत्ती (तो शिकून मुलाला काय यायला हवे ते) शेजारी लिहावी, २००५ आणि २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यांत त्या विषयाबद्दल काय म्हटले आहे ते शोधावे आणि मग चारही प्रश्नांची उत्तरे एका पानात मांडावीत. दर आठवड्याला एक पान याप्रमाणे असे केल्यास पहिल्या सत्राअखेर हाती जे येते, ते बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही गाईडपेक्षा जास्त उपयोगी पडते.

लघुप्रबंध हा या शिक्षणाचा गाभा आहे, आणि तेथेच बहुतेक शिक्षक आपली सर्वांत मोठी शिदोरी, म्हणजे स्वतःचा वर्ग, बाजूला ठेवतात. माझेही तसेच झाले. मी पहिल्यांदा दिलेला विषय ‘बीड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमधील गणित अध्यापनाचा चिकित्सक अभ्यास’ असा होता. मार्गदर्शक बाईंनी आराखडा परत केला आणि एवढेच विचारले, “तुमच्या वर्गात गेल्या महिन्यात तुम्हाला न सुटलेली गोष्ट कोणती?” मला चौथीतला एक मुलगा आठवला. तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला होता आणि मार्चअखेर फडावरून परतला होता. हातच्याच्या वजाबाकीच्या चाचणीत त्याचा कागद कोरा होता. त्याच दुपारी व्हरांड्यात मी सहज विचारले, तेव्हा वडिलांनी मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), टनामागची मजुरी आणि तोडलेला ऊस यांवरून किती उचल फिटायची राहिली, हे त्याने बोटांच्या पेरांवर मोजून मला बिनचूक सांगितले. वजाबाकी त्याला येत होती. आमच्या उभ्या मांडणीशी त्याची ओळख नव्हती. या एका प्रसंगातून विषय असा झाला: ‘ऊसतोड स्थलांतरातून परतलेल्या इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांसाठी हातच्याच्या वजाबाकीवरील सहा तासिकांच्या अध्यापन घटकाची निर्मिती आणि त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. यात इयत्ता, आशय, गट आणि कालावधी असे सगळे मापात आहे, म्हणून तो पूर्ण होऊ शकला.

आपल्या भागात असे विषय पावलोपावली आहेत. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलते आणि पहिलीत प्रमाण मराठीला सामोरे जाते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कानडी आणि अनेक गावांत दखनी घरात असते. मराठीची पहिली ओळख करून देणारा पाठ या मुलांसाठी कोणत्या क्रमाने गुंफावा, हा अस्सल अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे.

विषय ठरला की वेळापत्रक विद्यापीठाच्या नव्हे, तर मुलांच्या हंगामावरून आखावे. ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पूर्वचाचणी डिसेंबरात ठेवली, तर ज्यांच्यासाठी संशोधन आहे तीच मुले वर्गात नसतात. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले आणि फडावर गेलेली मुले यांचे गट वेगळे नोंदवावेत, कारण त्यांचे शाळेशी असलेले नाते सारखे राहिलेले नसते. पालकांची संमती घेताना कागदावर अंगठा घेऊन थांबू नये, काय करणार आहोत हे त्यांच्या भाषेत बसून सांगावे, आणि प्रबंधात मुलाचे वा गावाचे नाव येऊ देऊ नये. पूर्वीचे काम पाहण्यासाठी शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातील पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. त्यांतील साधने आणि त्रुटी पाहाव्यात, मजकूर उचलू नये. उत्तरचाचणीत गुण वाढले नाहीत, तर तेही तसेच लिहावे. माझ्या सहा तासिकांपैकी चौथी पूर्ण फसली होती, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ तिच्यावरच चर्चा केली.

विद्यापीठ परवानगी देत असेल, तर लघुप्रबंध मराठीतच लिहावा. निजामी राजवटीत आपल्या आजोबा-पणजोबांना उर्दूतून शिकावे लागले. आपल्या वर्गाबद्दल आपल्या भाषेत लिहिण्याची सोय आपल्याला आहे आणि ती वाया घालवू नये. छापील प्रती ग्रंथालयात गेल्या की सहा तासिकांचा घटक वेगळा काढून दहा-बारा पानांचा करावा आणि केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) केंद्रप्रमुखांकडून अर्धा तास मागून तो मांडावा. जून उजाडण्यापूर्वी तो सहकाऱ्यांच्या हाती पडला, तर नव्या वर्षाच्या नियोजनात बसतो.