छोटी गाडी कर्जावर घेताय? हप्ता ठरवण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंतच्या कुठल्याही शोरूममध्ये शनिवारी संध्याकाळी अर्धा तास बसून बघा. फ्लोअर मॅट आणि मडफ्लॅप फुकट मिळावेत म्हणून माणूस तासभर घासाघीस करतो, ते पदरात पाडून घेतो, आणि मग कर्जाच्या फॉर्मवर जिथे जिथे पेन्सिलने फुली मारलेली असते तिथे तिथे सह्या करून पाच मिनिटांत मोकळा होतो. मॅटचे दोन हजार वाचले. फॉर्मवर किती गेले, ते कुणी मोजलेलंच नसतं.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतची आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची गाडी यात बसते. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. जुना भाव डोक्यात असलेल्या माणसाला त्यामुळे आजचं कोणतंही कोटेशन स्वस्तच वाटतं, आणि कर्जाच्या बाबतीत त्याचा हात सैल सुटतो.

‘महिन्याला किती जमेल, सर?’

या प्रश्नाला सरळ उत्तर देणं ही सगळ्यात महागडी चूक. तुम्ही ‘दहाच्या आत बसवा’ म्हणालात की समोरचा ते बसवतोच, फक्त मुदत वाढवून.

हिशेब बघा. ६ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज जातं १ लाख ४७ हजारांच्या आसपास. तेच कर्ज सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता उतरतो सुमारे ९,६५३ वर. ऐकायला छान. पण व्याज होतं २ लाख ११ हजार. म्हणजे महिन्याला २,८०० रुपये हलके वाटावेत म्हणून ६४ हजार जास्त मोजले.

खरी अडचण पुढे येते. तीन वर्षांनी घरात माणसं वाढली, मोठी गाडी हवी झाली किंवा बदली झाली म्हणून ही विकायला काढली, तर सात वर्षांच्या कर्जात अजून ३ लाख ८८ हजार मुद्दल बाकी असतं. पाच वर्षांचं असतं तर २ लाख ७३ हजार. तीन वर्षं वापरलेल्या छोट्या गाडीला बाजारात काय भाव येतो, हे द्वारकेजवळच्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या डीलरला आधीच विचारून ठेवा. सात वर्षांची मुदत छोट्या गाडीला शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच वर्षांत बसत नसेल तर डाउन पेमेंट वाढवा, नाहीतर खालचं मॉडेल घ्या. सनरूफविना गाडी चालते.

‘फक्त सात टक्के’ म्हणजे कोणते सात?

इथे बरेच शिकलेले लोकही फसतात. फ्लॅट रेटमध्ये व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं, तुम्ही निम्मं कर्ज फेडलं असलं तरी. रिड्युसिंगमध्ये उरलेल्या मुद्दलावरच लागतं. ६ लाखांवर ७ टक्के फ्लॅट, पाच वर्षं: व्याज २ लाख १० हजार, हप्ता बरोबर १३,५००. रिड्युसिंगच्या भाषेत हा दर साडेबारा टक्के होतो! बँकेच्या ९ टक्क्यांपेक्षा हप्ता हजाराने जास्त, आणि तरी कागदावर आकडा लहान.

हप्ता गुणिले महिने, वजा कर्जाची रक्कम. एवढं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तिथेच करा. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात प्रोसेसिंग फीसकट सगळे खर्च धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. दोन बँकांची तुलना फक्त त्या एका आकड्यावर करा. ‘सर, ते सँक्शननंतर मेलवर येतं’ असं कुणी म्हणालं तर ‘आल्यावर सही करतो’ म्हणा आणि चहा पिऊन उठा.

कमी व्याज की कॅश डिस्काउंट

सणाच्या दिवसांत ‘आमच्याकडून फायनान्स केलं तर एक टक्का कमी’ अशी योजना असते. त्याच कागदाच्या कोपऱ्यात कॅश डिस्काउंट गळालेला असतो. ६ लाखांवर पाच वर्षांत एक टक्क्याचा फरक म्हणजे साधारण १७ हजार रुपये, तेही साठ महिन्यांत विखरून. डिस्काउंट २५ हजारांचा जात असेल तर कमी व्याजाची योजना तोट्याची. म्हणून आधी गाडीचा भाव ‘कॅशने घेतोय’ असं गृहीत धरून लेखी घ्या आणि कर्जाचा विषय त्यानंतर काढा. दसरा-पाडव्याच्या गर्दीत हे जरा कठीण जातं. तेव्हा सगळ्यांनाच मुहूर्तावर डिलिव्हरी हवी असते आणि घासाघीशीला कुणाला वेळ नसतो.

कोटेशनच्या खालच्या ओळी

ऑन-रोड किमतीवर शंभर टक्के कर्ज मिळतंय म्हणून खूश होऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे. ७ लाखांच्या गाडीवर सुमारे ७७ हजार. हा टॅक्स आणि विमा कर्जात घातला की त्यांच्यावरही व्याज सुरू होतं. पहिल्या वर्षाच्या विम्याचं व्याज पाचव्या वर्षापर्यंत भरत बसणं, याला काय म्हणावं? एवढे पैसे तरी खिशातून भरा.

विम्याची ओळ वेगळी काढून बघा. नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेतला तरी चालतो. तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. ‘बाहेरचा घेतला तर कॅशलेस होणार नाही’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. कॅशलेस म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट गॅरेजला देणं. कॅशलेस होणार की नाही, हे त्या विमा कंपनीचा वर्कशॉपशी करार आहे का यावर ठरतं. कंपनीच्या गॅरेजांच्या यादीत तुमचं सर्व्हिस सेंटर दिसलं की विषय संपला. बाहेरचं एक कोटेशन हातात असलं तरी शोरूमचा आकडा खाली येतो.

आणखी एक ओळ असते, ‘लोन सुरक्षा’ किंवा तत्सम गोड नावाची. कर्जदाराचा जीवन विमा. हप्ता एकदाच, तोही कर्जात मिळवलेला. घ्यायचा की नाही ते तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. वेगळा टर्म प्लॅन असेल तर मी तरी घेणार नाही. पण न विचारता घातला असेल तर काढायला लावा.

शोरूमच्या बाहेरही पैसा मिळतो

तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचारा. ओझरच्या एचएएलमध्ये, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये किंवा सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यात असाल तर पगारदारांच्या पतसंस्थेतही चौकशी करा. तिथला दर फ्लॅट की रिड्युसिंग हा प्रश्न तिथेही विचारायचाच. अनेक पतसंस्थांत कर्जाच्या प्रमाणात शेअर घ्यावे लागतात, ती रक्कम हातात येणाऱ्या पैशातून वजा होते. आणि जामीनदार सहकारी असतो. हप्ता थकला की त्याच्या पगारावर येतं, आणि मग कँटीनमध्ये शेजारी बसणं अवघड होतं.

बँकेत एफडी असेल तर ती न मोडता तिच्यावर कर्ज घेता येतं. बहुतेक ठिकाणी दर एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो आणि आरसी बुकावर बोजाही चढत नाही. पण सगळी एफडी गाडीत अडकवू नका. दवाखान्यासाठी काहीतरी मोकळं राहू द्या.

शोरूममधल्या फायनान्सवाल्याला कागद देताना ‘कोणत्या बँकेत फाइल टाकणार’ हे ठरवून द्या. तो एकाच दिवशी चार ठिकाणी टाकतो आणि चारही चौकश्या तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्जांच्या नोंदींच्या अहवालावर, उमटतात. स्वतःचा रिपोर्ट सिबिलकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. बुकिंगच्या आधी बघा. फेडून टाकलेलं जुन्या बाइकचं कर्ज तिथे अजून ‘चालू’ दिसत असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.

दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदारांना वेगळंच सांगायला हवं. द्राक्षाचे पैसे हाती येतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, हप्ता मात्र ऑगस्टमध्येही येतो. काही बँका शेतकऱ्यांना सहामाही हप्ते देतात, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. ते जमत नसेल तर हंगामातच पुढच्या सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. हप्ता बाउन्स झाला की कर्ज देणारा दंड लावतो, खातं असलेली बँकही लावते.

आधीच अडकला असाल तर

सुरक्षा विमा नकळत घातला गेला असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक काळ, म्हणजे पॉलिसी परत करण्याची मुदत, असते. विमा कंपनीला लेखी कळवा, एजंटला नव्हे.

व्याज जास्त वाटतंय आणि कर्ज लवकर मिटवायचं आहे? आधी करारात दर फिक्स्ड (शेवटपर्यंत तोच) आहे की फ्लोटिंग (बदलता) ते बघा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, वैयक्तिक वापरासाठीच्या फ्लोटिंग कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही. फिक्स्डवर लागू शकतो, आणि गाडीची बरीच कर्जं फिक्स्डच असतात. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला तरी अशा कर्जदारांचा हप्ता जागचा हलला नाही. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं असेल तर वाचणाऱ्या व्याजातून हा आकार आणि नवी प्रोसेसिंग फी वजा करा. शेवटची दीड-दोन वर्षं उरली असतील तर बहुधा काहीच हाती लागत नाही, कारण व्याजाचा मोठा भाग आधीच भरून झालेला असतो.

कर्ज संपलं म्हणजे काम संपलं, असंही समजू नका. बँकेकडून एनओसी (कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्या आणि आरसीवरचा बोजा उतरवायला परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करा, गरज पडली तर पेठ रोडच्या आरटीओत एक चक्कर मारा. एनओसीला मुदत असते, सहसा तीन महिन्यांची. ती ड्रॉवरमध्ये पडून राहिली तर बँकेकडून पुन्हा मागावी लागते. विम्याच्या पॉलिसीवरचंही बँकेचं नाव काढून घ्या. ते राहिलं आणि गाडी टोटल लॉस झाली, तर कर्ज कधीच फिटलेलं असूनही पैसे बँकेच्या नावाने निघू शकतात.