चित्रपटातील मिथके आणि नायक: लेखाची परिणामकारकता तपासताना या चुका टाळा

चित्रपटातील मिथके आणि नायक यांवरचा लेख तपासताना नाशिकच्या वाचकाकडून एक चूक हमखास होते, आणि ती पंचवटीच्या ओळखीमुळे होते. सीतागुंफा, तपोवन, काळाराम मंदिर ही नावे लहानपणापासून कानांवर असल्यामुळे लेखकाने शूर्पणखेचा प्रसंग अर्ध्या ओळीत उरकला, तरी उरलेली गोष्ट वाचक स्वतःच्या आठवणीतून भरून काढतो आणि त्याचे श्रेय लेखाला देऊन टाकतो. विद्यार्थ्यांचे लेख तपासताना माझ्याही हातून असे गुण दिले गेले आहेत. यावर उपाय असा की लेख रामकथा फारशी ठाऊक नसलेल्या माणसाला वाचायला द्यावा आणि नायकाने काय केले, ते पडद्यावर कसे दिसले, हे त्याला सांगता येते का ते पाहावे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. मिथकांचे अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली नायकाच्या प्रवासाचे प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन असे टप्पे मांडले, आणि तेव्हापासून कोणताही चित्रपट या साच्यात बसवून दाखवला की विश्लेषण झाले, असा समज रूढ झाला. लेख खरोखर काही सांगतो का, हे पाहण्यासाठी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची कसोटी लावावी. हरिश्चंद्र पराक्रम गाजवायला बाहेर पडत नाही. दिलेल्या शब्दापायी तो राज्य सोडतो, आणि पत्नीवर शस्त्र उचलण्याची वेळ आली तरी सत्त्व सोडत नाही. त्याला अखेर राज्य परत मिळते, म्हणून ‘पुनरागमन’ पूर्ण झाले असे लेखाने म्हटले, तर तिथे थांबून विचारावे: कॅम्पबेल यांचा नायक लोकांसाठी काही नवे घेऊन परततो, हरिश्चंद्राला मात्र त्याचेच गमावलेले परत मिळते, मग हा फरक लेखकाच्या लक्षात आला आहे का? जो लेख साचा कुठे अपुरा पडतो हे दाखवतो, तो मला नेहमीच अधिक मोलाचा वाटतो. शंका राहिल्यास परिच्छेदातील चित्रपटाचे नाव झाकून तिथे दुसरे घालावे. अर्थ जराही बिघडला नाही, तर तो परिच्छेद कोणत्याच चित्रपटाविषयी नाही.

पुरावा न तपासणे हीदेखील मोठी चूक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी पहिली आणि शेवटची एवढीच रिळे आज उपलब्ध आहेत, आणि तीही १९१७ सालच्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे चित्रपटाच्या मधल्या भागातील दृश्यरचनेविषयी लेखक ठामपणे लिहीत असेल, तर त्याने ती कुठे पाहिली, हा प्रश्न रास्तच ठरतो.

पुष्कळ लेख कथानक सांगतात आणि त्यालाच चित्रपटाचे विवेचन मानतात. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या, तर १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. या बाबी लेखात गमतीदार माहिती म्हणून येऊन गेल्या, तर त्यांचे काम झालेले नसते. नायकाचे देवत्व शरीर, पोशाख आणि कॅमेऱ्याच्या युक्त्यांतून कसे घडवले गेले, हे त्यांच्या आधारे उलगडले असेल, तरच त्या उल्लेखाला गुण द्यावेत.

‘मिथक’ म्हणजे समाजाने श्रद्धेने जपलेली कथा; ‘खोटी समजूत’ असा त्याचा अर्थ धरून लेख वाचू नये, हे थोडक्यात सांगणे पुरे. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’वरील लेखात सतराव्या शतकातील कवी, वैकुंठगमनाची श्रद्धा आणि पडद्यावरील व्यक्तिरेखा या तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

दोन परीक्षकांचे मत टोकाचे वेगळे पडले, तर गुणांची सरासरी काढू नये. ज्या वाक्याने मत बनले, त्या वाक्यावर दोघांनीही बोट ठेवावे. ज्याला तसे वाक्य सापडत नाही, त्याने लेख पुन्हा वाचावा.